माशांसाठी गोडं पाणी

काचेची पेटी पुण्याहून नगरला एस.टी.नं आणायची तर ती सामान की उतारू, यावर पुण्याच्या स्टँडवर जो वाद झाला, त्यात कंडक्टर जिंकला. पेटीला सामानाचं तिकीट लागलं. माशांचा प्रश्न मात्र सुटेना. मासे डालड्याच्या डब्यात होते, डबा सुमंतच्या मांडीवर होता आणि कंडक्टरचं म्हणणं, कोंबडीला तिकीट पडतं, तर माशाला का नको? मासा ही कोंबडी नव्हे, असं सुमंतनं त्याला शांतपणे समजावून सांगितलं. तो हिशेबखात्यात होता, वर्गवारी नीट असावी असं त्याला वाटे. अखेर मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं उठून डब्यात डोकावलं आणि निकाल दिला, "आरं, कालवनापुरतंबी न्हाईत. सोड त्याला."

मासे फुकट आले. पण आपल्या छंदाची अशी कालवणाशी गाठ घातली जावी, हे सुमंतला इतकं लागलं की नगर येईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही.

छंद हा शब्द त्याच्या साहेबांचा. नागापूरच्या अंगाला नवे कारखाने उठत होते, त्यांतल्या एकात सुमंत नोकरीला होता. साहेबांच्या बंगल्यावर एकदा चहाला गेला असताना त्यानं दिवाणखान्यातली माशांची पेटी पाहिली. साहेब म्हणाले, माणसाला एखादा छंद हवा, नाहीतर माणूस आणि बैल यांत फरक काय? सुमंत घरी आला तो बैल न राहण्याचा निश्चय करूनच.

आता साल होतं त्र्याहत्तर. मागचा सबंध पावसाळा कोरडा गेलेला. सुमंत राहायचा त्या वसाहतीतले नळ नुसते फुसफुसत. टँकर एक दिवसाआड यायचा आणि तो आला की एरवी एकमेकांना 'अहो-जाहो' करणारी माणसं रांगेत एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. अशा साली घरात पाण्यानं भरलेली पेटी आणून ठेवणं बरं दिसेल का, असं त्याच्या बायकोनं, सुनीतीनं, विचारून पाहिलं. सुमंतनं सांगितलं, की दुष्काळ निधीसाठी त्याचा एक दिवसाचा पगार कापला गेलाच आहे, त्यामुळे त्या बाजूनं आपलं खातं चुकतं आहे. शिवाय पेटीत पाणी एकदाच घालायचं, ते काही कुणी पिणार नाही. म्हणजे खर्च शून्य.

खरं सांगायचं तर सुनीतीनंही फार ताणलं नाही. पेटी कोनाड्याखालच्या स्टुलावर बसली, दिवा लागला, आठ मासे इकडून तिकडे फिरू लागले, आणि दहा महिन्यांची लीना, जी जागेपणी कधी एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, ती पेटीसमोर फतकल मारून बसली. तोंड उघडं, हात मांडीवर. सुनीतीनं त्या उघड्या तोंडात वरणभाताचे घास घातले, तर ते मुकाट्यानं गिळले गेले. मग दुपारी तासभर सुनीतीला नुसतं बसायला मिळालं. भिंतीला टेकून, पाय लांब करून, कुणी केस न ओढता. बाळंतपणानंतर असं पहिल्यांदाच. त्या तासासाठी तिनं हत्तीसुद्धा पाळला असता.

शेजारच्या पुष्पावतीकाकू बघायला आल्या. त्यांनी सगळे मासे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिले, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "कधी करणार?" सुनीतीला कळेना. काकूंनी तिचा हात दाबला. त्या कुणाला सांगणार नव्हत्या. त्यांच्या धाकट्या दिरानंही मुंबईला जाऊन मासे खायला सुरुवात केली होती म्हणे. काकूंचे यजमान राधाकृष्णपंत पोस्टातून निवृत्त झाले होते आणि सल्ल्यांची शिल्लक त्यांच्यापाशी भरपूर होती. त्यांनी माशांना रेशनची परदेशी ज्वारी, मिलो, भरडून घालायला सांगितलं. माणसांच्या घशाखाली न उतरणारा तो लाल मिलो माशांनी एकदा हुंगला आणि तेही पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेले. वीज जायची तेव्हा हवेचा पंप बंद पडायचा. मग सुमंत सायकलचा पंप पेटीत सोडून हवा भरत बसायचा, आणि दारावरून जाणारे लोक विचारायचे, पंक्चर कुठं झालंय?

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण पेटीतलं पाणी गढूळ झालं, बदलावं लागलं, सुमंतनं टँकरचं पाणी घातलं आणि संध्याकाळपर्यंत पाच मासे पोट वर करून तरंगायला लागले. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर. माणसांना ती मानवे, माशांना मानेना. उरले तीन. त्यांतली सगळ्यांत गुबगुबीत, सोनेरी, ती गुबी. तिच्यामागोमाग लीनाची मान फिरायची. लीना पेटीवर थापटी मारून मेलेल्यांना हाका मारू लागली, तेव्हा सुमंतचे डोळे भरून आले. पुण्याच्या दुकानदारानं बजावलं होतंच, विहिरीचं गोडं पाणी घाला, आणि रोज थोडं थोडं बदला.

विहीर एकच होती. सहादेव पाटलांच्या मळ्यातली.

सुनीतीकडे चांगुणा यायची. पाथर्डीकडची बाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली. रस्त्याच्या कडेला पालं पडली होती, त्यांतल्या एका पालात ती राहायची. कामावर जाण्याआधी वसाहतीतल्या लेकुरवाळ्या बायकांसाठी टँकरच्या रांगेत उभी राहून हंडे आणून द्यायची. सुनीतीनं तिला विचारलं, की मळ्यातल्या विहिरीचा एक हंडा रोज मिळेल का?

चांगुणानं चुंबळ डोक्यावर सारखी केली. "ते पालांपुरतं हाय, वैनी. दर पालाला मापानं. पाटील दुसऱ्याला भरू देत न्हाईत. तुमच्यात टँकर येतो की."

आता इथं 'माशांसाठी हवंय' एवढंच सांगायचं होतं. सुनीतीनं तोंड उघडलंही. पण समोर चांगुणा उभी होती, खडीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेली, टाचांच्या भेगांत माती बसलेली. आणि 'मासे' हा शब्द सुनीतीच्या ओठापर्यंत येऊन मागे फिरला. ती म्हणाली, "घरात लहान आहे ना."

एवढंच. त्यात खोटं काय होतं? घरात लहान होतंच. पुढचं सगळं चांगुणानं आपल्या मनानं भरून घेतलं. टँकरच्या पाण्यानं लेकराचं पोट बिघडलं असणार, तिच्या थोरल्या बहिणीच्या पोराचं असंच झालेलं. तिनं उंबऱ्यातूनच लीना निजलेल्या पाळण्याकडे बघितलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा हंडा दारात होता. सुनीतीनं पैसे पुढे केले, तर चांगुणानं हात मागे घेतला. लेकराच्या पाण्याचे पैसे घ्यायचे नसतात.

हंडा आला, गुबी तरतरीत झाली आणि सुनीतीची झोप गेली. धडधाकट लेकराला आपण तोंडानं आजारी पाडलं, हे तिला काट्यासारखं सलू लागलं. तिन्हीसांजेला ती मीठमोहऱ्या घेऊन लीनाची दृष्ट काढायची, एकदा लोकांची आणि एकदा स्वतःची. लीना शिंकली तरी ती तिचं कपाळ चाचपून बघायची. सुमंत म्हणे, उगाच मनाला लावून घेतेस, तू कुठं आजारी म्हणालीस? हे त्याचं हिशेबखात्यातलं बोलणं. कागदावर बरोबर, पण पोटात उतरत नाही असं.

बातमी मात्र पालांवरून वसाहतीत आणि वसाहतीतून पालांवर हिंडू लागली. गोजरबाई म्हणून पालांवरची एक म्हातारी होती, तिनं पोटाला बरी म्हणून चांगुणाच्या हाती मुरुडशेंग पाठवली. मग वावडिंग आलं. कुण्या देवस्थानाचा अंगारा आला, तो लीनानं खाल्ला. पुष्पावतीकाकू तर रुसूनच आल्या. भिंतीला भिंत लागून, आणि लेकराचं दुखणं खडी फोडणाऱ्या बायकांकडून कळावं? त्यांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या तीन बाटल्या आणल्या होत्या. लीना त्या वेळी त्यांच्याच पदराचं टोक धरून उभी राहायच्या खटपटीत होती. काकूंनी तिचा गाल ओढून पाहिला आणि सुस्कारा टाकला. ही सूज वाईट, म्हणाल्या.

पंतांना तर पेन्शनीत प्रथमच काम मिळालं. कचेरीची पायरी चढायला कारण नसल्यामुळे ते आधीच सुकत चालले होते. आजारी मुलांसाठी खास पाण्याची सोय होते असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. नको नको म्हणणाऱ्या सुमंतला त्यांनी दंडाला धरून पाणीटंचाईच्या कचेरीत नेलं. तिथल्या कारकुनानं सांगितलं, आजाऱ्याला समक्ष हजर करा. मग लीनाला कडेवर घेऊन सुमंत पुन्हा गेला. कारकून मान वर न करता म्हणाला, पेशंट कुठाय? सुमंत म्हणाला, हीच. तोवर टेबलावर ठेवलेल्या लीनानं एका फायलीचा कोपरा तोंडात घालून ओला केला होता आणि ती दुसऱ्या कोपऱ्याकडे वळली होती. कारकुनानं फाईल ओढली, ती सुटेना. तो म्हणाला, "हिचं पोट बिघडलंय म्हणता? सरकारी कागद पचवतेय. सोय हिला नको, आम्हाला हवी."

अर्ज नामंजूर झाला. आणि गंमत बघा, सुमंत त्या कारकुनावर दोन दिवस धुमसत होता. आपली मुलगी ठणठणीत आहे असं कुणी तोंडावर सांगितलं, तर बापाला आनंद व्हावा. याला अपमान वाटला. माणूस आपल्या खोट्यातही किती लवकर संसार थाटतो.

सुनीती हसली नाही. ती रोज ठरवायची, उद्या चांगुणाला सांगू. सांगू, की लीनाला काही झालेलं नाही, हंडा बंद कर. पण बंद केला की गुबी जाणार, दुपारचा तो तास जाणार, आणि सांगताना तोंड कसं करायचं हाही प्रश्न. मग उद्या. चांगुणा हंडा उंबऱ्याशी टेकायची, लेकरू कसं हाय म्हणून विचारायची, आणि सुनीती म्हणायची, बरं आहे. त्यातही खोटं काय होतं?

एके दिवशी सकाळी लीना रडून लाल झाली होती. दात येत होता. सुनीती तिला खांद्यावर टाकून परसात हिंडत होती, दार उघडं होतं. चांगुणानं हाक दिली, कुणी आलं नाही. पोराचं रडणं ऐकून तिला वाटलं, जास्त झालं. ती हंडा डोक्यावर घेऊन प्रथमच उंबरा ओलांडून आत आली.

सुमंत पाठमोरा बसला होता, बनियनवर, कोपरापर्यंत ओला. पेटीत रबरी नळी सोडून कालचं पाणी मोरीत काढत होता. हंड्याचा आवाज ऐकून, सुनीतीच आली असं समजून, मान न वळवता तो म्हणाला, "आलीस? ओत लवकर. गुबीला धाप लागली आहे."

सुनीती परसातून दारात आली ती हे ऐकतच. मग खोलीत फक्त नळीतून मोरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला. सुमंतनं वळून पाहिलं आणि नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं, जणू तेवढ्यानं झालेलं सगळं थांबणार होतं. लीनाही रडायची थांबली. तिला मासे दिसले होते.

चांगुणानं हंडा खाली ठेवला. पेटीपाशी गेली, उकिडवी बसली. तीन मासे तिच्या तोंडासमोरून इकडून तिकडे गेले.

"हे पानी ह्यांला?" तिनं विचारलं.

सुमंतनं सुनीतीकडे पाहिलं. सुनीती म्हणाली, "हो."

"लेकराला काय हुतं?"

"काही नाही. काहीच नव्हतं, चांगुणा."

चांगुणानं काचेला बोट लावलं, गुबी त्या बोटाशी आली, तसं तिनं बोट काढून घेतलं. "देखनं हाय," ती म्हणाली. रागानं बोलली असती तर सुनीतीला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान रडता येतं.

"पालापालातनं तांब्या तांब्या काढत हुतो आमी," चांगुणा पेटीकडे बघतच म्हणाली. "बाया म्हनायच्या, जाऊ दे, लेकराचं हाय. गोजरबाईनं अंघूळ सोडली."

सुनीतीनं लीनाला खाली ठेवलं, हंड्याला हात घातला. हा तरी परत घेऊन जा, असं ती कसंबसं म्हणाली.

"न्हेऊन काय सांगू?" चांगुणा उठली. "माज्या सांगन्यावर दिलं त्यांनी. मासं पाळायला दिलं म्हनू? माज्या बाया येड्या ठरतील, वैनी. मग उद्या खरंच कुनाचं लेकरू आजारी पडलं, तर कोन दील?"

तिनं स्वतःच हंडा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि पिण्याच्या माठाशी ठेवला. "ह्ये आजचं तरी लेकराला पाजा. तेवढं तरी खरं हू द्या. मी सांगन, लेकरू बरं झालं म्हनून. तुमच्यासाटी न्हाई सांगत." आणि उंबऱ्यातून जाताना तिनं इतकंच सांगितलं, की उद्यापासून टँकरच्या पाण्यालाही दुसरं कुणी बघा.

त्याच संध्याकाळी सुमंतनं तिन्ही मासे डालड्याच्या डब्यात घातले, पेटी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि साहेबांच्या बंगल्याची वाट धरली. साहेबांनी मासे आनंदानं ठेवून घेतले. मधल्या मधे मेलेल्यांची हकिकत ऐकून हसले. म्हणाले, अहो, टँकरचं पाणी दिवसभर उघड्या घंगाळात उन्हात ठेवायचं. पावडर उडून जाते, मासे मजेत राहतात. एवढंही ठाऊक नव्हतं?

सुमंत रिकामी सायकल हातात धरून चालत परत आला. साहेबांनी काय सांगितलं ते त्यानं जेवताना सुनीतीला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. उन्हाचं काय, ऊन तर दारात पडलं होतं, हवं तेवढं, फुकट, कुणाच्या वाटणीचं न घेता. लीना रिकाम्या स्टुलासमोर बसून होती आणि घास भरवायला गेलं की मान फिरवत होती. त्या रात्री आणि नंतर कितीतरी दिवस तिला भरवताना सुनीतीला घरभर हिंडावं लागलं. तिनं त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. तिला वाटे, एवढं तरी आपल्या वाट्याला यायला हवं.

खडीच्या कामाला सुट्टी होती त्या दिवशी सुनीती दारात तांदूळ निवडत बसली होती, तर रस्त्यानं पाचसहा बायका येताना दिसल्या. पुढं काठी टेकत गोजरबाई, मागं बाकीच्या, आणि सगळ्यांत शेवटी, येणं टाळता न आल्यासारखी, चांगुणा. लुगडी विरलेली, पण कुंकवं ठसठशीत लावलेली. लेकरू बघायला आल्या होत्या. लेकराला उतार पडावा म्हणून पालांवरच्या बायकांनी नारळ बोलला होता, तो सकाळी फोडून आल्या होत्या. हे चांगुणानं तेव्हा सांगितलं नव्हतं.

सुमंत आतल्या खोलीत गेला तो बाहेर आला नाही. पुष्पावतीकाकू मात्र आपल्या गोळ्यांनीच गुण आला असल्याची खात्री असल्यामुळे मध्ये येऊन बसल्या. लीना या मांडीवरून त्या मांडीवर गेली. कुणी तिचे पाय दाबून पाहिले, कुणी कानशिलावर बोटं मोडली. बायका म्हणाल्या, बघा कसं भरलं अंग चार दिसांत, आपल्या हिरीच्या पान्याचा गुनच न्यारा. गोजरबाईनं आपल्या कनवटीतून काळा दोरा काढला आणि थरथरत्या बोटांनी लीनाच्या मनगटाला बांधला. तिच्या मानेवर घामाचा आणि धुळीचा थर होता. सुनीतीला तो दिसला, आणि का आहे तेही तिला ठाऊक होतं.

"काय झाल्तं गं पोरीला?" गोजरबाईनं विचारलं.

सुनीतीनं ताटली बाजूला ठेवली. आता सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवून तिनं पदर सावरला. "गोजरबाई, खरं म्हणजे—"

"पानी सोसत नव्हतं," चांगुणा मागून म्हणाली. तिनं सुनीतीकडे पाहिलं नाही. "आता सोसतंया."

बायकांनी माना डोलावल्या. गोजरबाईनं फडक्याची गाठ सोडली, खोबऱ्याच्या तुकड्यांवर गूळ होता. तिनं एक तुकडा लीनाच्या मुठीत दिला. दुसरा घेऊन चांगुणा उठली, सुनीतीपाशी आली आणि तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

"खावा, वैनी," ती हळू म्हणाली. "बायांनी लई मनापासनं फोडलाय."

सगळ्या बायका कौतुकानं तिच्याकडे बघत होत्या. सुनीतीनं तुकडा तोंडात घातला. लीनाच्या नव्या दातानं केव्हाच खोबरं फोडलं होतं आणि तिची लाळ गोजरबाईच्या लुगड्यावर गळत होती. सुनीती मात्र चावत राहिली, चावत राहिली, आणि घास काही केल्या खाली उतरेना.